आपलेच दात, आपलेच ओठ : घरच्यांच्या लागट बोलण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"बाई, जरा वेळ आहे काय?" अशी सुरुवात झाली की पुढचं मला अर्धंअधिक ठाऊक असतं. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत मी बत्तीस वर्षं शिकवलं, आता बेळगावात वडगावला राहते. आमच्या गल्लीत अजून मागांचा खडखडाट असतो. ओसरीवर बसून कुणी रडलं तरी शेजारी ऐकू जात नाही, बायका माझ्याकडे येतात त्याचं हेही एक कारण असावं. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदा लिहून काढावेत असं वाटलं. पुरुषही विचारतात. फक्त ते "माझ्या एका मित्राचं असं झालंय" म्हणून सुरू करतात.

परक्याचं बोलणं आपण विसरून जातो. आपल्याच माणसाचं एवढं का लागतं?

परक्याला आपली दुखरी जागा माहीत नसते. सुट्टे पैसे नाहीत म्हणून कंडक्टर खेकसला, तर गोवावेसपर्यंत राग राहतो आणि मग भाजी कुठली घ्यायची याचा विचार सुरू होतो. सख्ख्या बहिणीला मात्र ठाऊक असतं की दहावीला गणितात तुमची काय गत झाली होती आणि ठरलेलं लग्न कशावरून मोडलं होतं. तिने नेम धरलेला नसला तरी दगड बरोबर तिथंच बसतो.

आणि ते दुखणं मनाचे खेळ नव्हेत. २००३ साली अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळातून एकेकाला मुद्दाम वगळलं आणि त्याच वेळी त्याच्या मेंदूची चित्रं घेतली. शरीराला दुखापत झाल्यावर जीव कासावीस होतो त्या वेळी मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच इथेही जागा झालेला दिसला. हे नुसत्या खेळातलं. इथं तर ज्यांच्या ताटात आपण जेवलो ती माणसं असतात.

ते मुद्दाम बोलतात की त्यांची बोलायची पद्धतच तशी आहे, हे ओळखायचं कसं?

आमच्या भागात हा प्रश्न सोपा नाही. बेळगावकडचं बोलणंच मुळात रांगडं. "काय गा, मेलास काय, दिसलाच न्हाईस" हे इथं प्रेमाने विचारलेलं असतं. पुण्याहून आलेल्या माणसाला वाटतं, भांडण सुरू झालं. माझ्या एका मामेभावाला "बस की" एवढंसुद्धा साध्या आवाजात म्हणता येत नाही. पण आई आजारी पडली तेव्हा रात्री दोनला रिक्षा घेऊन दारात उभा राहिला तो तोच.

म्हणून आवाजावरून ठरवू नका. तो माणूस सगळ्यांशीच तसा बोलतो, की साहेबांशी, जावयाशी, दुकानदाराशी गोड आणि फक्त तुमच्याशी तिखट? दुसरं, तो स्वयंपाकघरात बोलतो की पाहुणे जमल्यावर बोलतो? चारचौघांची वाट बघून बोललेला शब्द तोंडून निसटलेला नसतो. पण खरी परीक्षा याच्या पुढची आहे. "हे मला लागतं" असं एकदा स्वच्छ सांगितल्यावर काय होतं? फटकळ माणूस ओशाळतो, आठ दिवस जपून बोलतो, पुन्हा चुकतो, पुन्हा जीभ चावतो. टोचणाऱ्याला मात्र नवीन जागा सापडते. तुम्ही सांगितलंत, आता त्याला नक्की कळलं कुठं दुखतं ते.

सांगितल्याशिवाय ही परीक्षा होत नाही, अडचण तेवढीच आहे. अनेक बायका वीस वर्षं न सांगता समोरच्याला नापास करून बसलेल्या असतात.

त्या क्षणी काय बोलायचं? मला तर रात्री अंथरुणावर पडल्यावर उत्तर सुचतं.

सगळ्यांनाच रात्री सुचतं. आणि रात्री सुचलेलं उत्तर बहुधा फार धारदार असतं, ते तिथंच उशीखाली राहिलेलं बरं.

माझंच सांगते. लग्न होऊन आले तेव्हा माझी भाकरी फुगायची नाही. चुलीसमोर बसलेली, परातीत पीठ, बोटांना चिकटलेलं, तव्यावरची भाकरी एका कडेने फाटलेली. मागून सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या भाकरीला पापुद्रा न्हाई गे. जशी तू, तशी तुझी भाकरी." पहिल्यांदा मी हसले. मग गप्प बसायला लागले. मग माहेरी जाऊन रडायला लागले. मग तर भाकरी चांगली झाली तरी हात थरथरायचे. असं एकोणीस वर्षं चाललं, आणि तोवर मी शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना धीट व्हायला शिकवत होते.

एका सकाळी, काही विशेष घडलेलं नसताना, मी मान न वळवता म्हणाले, "आत्ती, भाकरीचं काय ते बोला. माझं नको." एवढंच. आवाज चढला नाही, कारण चढवायला अंगात जोर नव्हता. त्या उठून बाहेर गेल्या. संध्याकाळी शेजारणीला सांगताना ऐकलं, "आमची सून तोंडाळ झालीया." पण ते वाक्य त्यानंतर कधी आलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी येऊन शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी जरा कढत घे, उकड काढल्यागत कर." ज्वारी जुनी असली की कढत पाणी लागतं, हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं!

त्या एका वाक्यात काय होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्यात "तुम्ही नेहमीच" नव्हतं. "तुमच्या घरात" नव्हतं. त्यांच्या स्वभावावर काही नव्हतं. भाकरीवर बोलायचा त्यांचा हक्क मी काढून घेतला नाही, फक्त माझ्यावर बोलायचा काढला. मला एवढंच जमलं होतं आणि आजही मी एवढंच सांगते. उत्तर छोटं द्या, लवकर द्या, त्याच माणसाला द्या आणि त्याच वाक्याचं द्या. ज्यांना सुचायला वेळ लागतो त्यांनी "हे मला आवडलं नाही" एवढं पाठ करून ठेवावं. कशाहीपुढं चालतं.

"अगं, गंमत केली" असं म्हणतात. मग काय बोलणार?

"मला हसू आलं नाही" म्हणा आणि विषय बदला. गंमतीला दोघं हसले तर ती गंमत. यावर वाद घालत बसू नका. "तुला विनोदच कळत नाही" हे पुढचं ठरलेलं वाक्य आहे आणि त्याला "नसेल कळत" हे पुरेसं उत्तर आहे.

सरळ मला बोलत नाहीत. माझ्यासमोर मुलीला बोलतात आणि रोख माझ्यावर असतो.

लेकी बोले सुने लागे, ही म्हण उगीच नाही झाली. आडून मारलेल्या बाणाचं एक असतं, मारणाऱ्याला कधीही म्हणता येतं की "मी तुला कुठं बोलले?" तुम्ही उसळलात तर तुम्हीच चोर ठरता.

मला दोन मार्ग दिसतात. एक, जे शब्द बोलले तेवढ्यालाच उत्तर द्यायचं, रोखाला नाही. "हल्लीच्या पोरींना काम नको" असं म्हणाल्या की, "व्हय आत्ती, फार काम पडतं बघा" आणि हातातलं काम चालू. त्यांचा बाण भिंतीत. दुसरा मार्ग धीराचा आहे. दुपारी त्या एकट्या असताना जवळ बसून विचारायचं, "सकाळी मला काही सांगायचं होतं काय? सरळ सांगितलं तर मला कळंल." यात टोमणा आणलात तर सगळं मुसळ केरात. खरंच विचारायचं असेल तरच विचारा. काही वेळा पलीकडून खरोखर काहीतरी साधं निघतं, गॅस मोठा ठेवतेस, नळ गळतोय, मला विचारत नाहीस. शेवटचं जरा जास्तच निघतं.

लग्न होऊन पुण्याला आले. मी "मी येतो, मी जातो" म्हटलं की सासरी सगळे हसतात.

हसू द्या, असं मी म्हणणार नाही. कारण माझी भाचीही असंच रडली होती.

कोल्हापूर, चंदगड, बेळगावकडं बायका "मी येतो, मी करतो" म्हणतात. ती चूक नाही, ती इथली रीत आहे. माझी आजी म्हणायची, तिची आजी म्हणत असणार. मी स्वतः शाळेत फळ्यासमोर "मी लिहिते" म्हणायची आणि घरी उंबरा ओलांडला की "मी जेवतो". दोन्ही मीच. "काय करुलालास?" हे वाक्य पुस्तकात सापडणार नाही, पण खानापुरातून बेळगावापर्यंत कुठंही विचारा, उत्तर मिळेल. शेजारी कानडी आहे, मागे कोकण आहे, वर कोल्हापूर आहे. अशा ठिकाणची मराठी सदाशिव पेठेसारखी निघाली तरच नवल.

आता सासरच्यांचं. पहिल्यांदा हसतात ते बहुधा कुतूहलाने. तेव्हाच सांगून टाका, "आमच्याकडं असंच म्हणतात", आणि एखादा गमतीचा शब्द आपणहून शिकवा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाही पाहुण्यांपुढं नक्कल करून दाखवायला लावलं, की नवऱ्याला मध्ये घाला. तुम्ही नाही, त्याने म्हणायचं, "आई, तिला नक्कल करायला लावू नकोस." आपल्या माणसाला आपल्याच माणसाने सांगितलेलं जास्त पोचतं. आणि बोली बदलायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. बदलली तरी माहेरी फोनवर ती आपोआप परत येते. माझ्या भाचीचा नवरा आता सांगतो, "बेळगावचा फोन आला की ही पुरुष होते." याला मात्र ती स्वतः हसते.

आमची सून कानडी आहे. सासऱ्यांना "तू जेवलास काय" म्हणते! हा उद्धटपणा कसा चालवून घ्यायचा?

ती मराठी कुणाकडून शिकली? तुमच्या मुलाकडून. आणि तुमचा मुलगा तिला, आईला, मित्राला, सगळ्यांना "तू"च म्हणतो. तिच्या कानावर दुसरं आलंच नाही. तिच्या भाषेत मान "री"मध्ये असतो, "हौद्री" म्हणजे "हो जी", "बर्री" म्हणजे "या". तो "री" काढून घेतला आणि आपला "हो" कुठं लावायचा हे कुणी शिकवलं नाही, तर ती काय करणार?

आपण उलट बाजूला काय करतो तेही बघा. रस्त्यावर शिकलेल्या कानडीत आपली माणसं बँकेतल्या साहेबाला खुशाल "बा", म्हणजे "ये", म्हणून बोलावतात, "बर्री" म्हणायचं सोडून. साहेब हसून घेतो. सुनेला प्रेमाने एकदा "जेवलात का" शिकवा, दोन दिवसांत येईल. सासऱ्यांना राग आला असेल तर त्यांनी तिच्या आईला कानडीत "जेवलात का" विचारून दाखवावं.

सण-समारंभाला सगळे जमले की सीमाप्रश्नावरून जुंपते. भावाची मुलं कानडी शाळेत आहेत, त्यावरून काका त्याला सगळ्यांदेखत बोलतात.

१९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली, त्याला आता तिसरी-चौथी पिढी आली. एक नोव्हेंबरला इथं एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं काळा दिवस पाळला जातो. काकांनी तो काळ अंगावर काढला असेल, त्यांच्या बोलण्यात त्याची कड असणारच. त्याची खिल्ली भावानेही उडवू नये.

पण पोरं कुठल्या शाळेत घालायची हे भावाने नोकरी, अंतर, फी बघून ठरवलं. तो घरचा निर्णय आहे, त्याच्या ताटासमोर बसून त्याची लाज काढायची बाब नव्हे. अशा वेळी घरातल्या मोठ्या बाईने मध्ये पडावं हे मला अजूनही सगळ्यात कामाचं वाटतं. "काका, प्रश्नावर जेवल्यावर बोलू. पोरावर नको." पुरणपोळी गरम असताना हे वाक्य फार लवकर मान्य होतं.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी खोचक लिहिलं तर तिथंच उत्तर द्यावं का?

नको. फोन करा. ग्रुपवर चाळीस जण बघत असतात, त्यामुळे दोघांनाही मागं येता येत नाही. आणि लिहिलेलं वाक्य वाचणारा आपल्या मनातल्या रागाच्या सुरात वाचतो. दुपारी दोनचा मेसेज संध्याकाळी पुन्हा वाचून बघा, निम्म्या वेळा त्यात काही नसतं. ग्रुप म्यूट करता येतो, आणि केलेला कुणाला कळत नाही.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. "तुला काय कळतंय" असं मला सरळ म्हणतो.

पंधराव्या वर्षी तो जगाला हेच म्हणत असतो, तुम्ही जवळ आहात म्हणून तुम्हाला ऐकू येतं. त्यातलं निम्मं सोडा. पण शब्द सोडू नका. "मला कळत नसेल, पण माझ्याशी असं बोलायचं नाही. दहा मिनिटांनी ये, मग सांग" आणि खरंच दहा मिनिटांनी ऐका. तेव्हा ऐकलं नाही तर पहिलं वाक्य वाया गेलं.

एक नाजूक गोष्ट. बत्तीस वर्षांत वर्गात पोरांच्या तोंडून जी उद्धट वाक्यं ऐकली, त्यांतली बरीचशी मला नंतर पालकसभेत त्यांच्या वडिलांच्या तोंडून, त्याच सुरात, ऐकायला मिळाली. "तुला काय कळतंय" हे वाक्य घरात आधी कोण कुणाला म्हणत होतं, ते आठवून बघा.

"काळी आहे", "जाडी झालीस", "अजून पाळणा हलला नाही?" हे हसत विचारतात. यात काय म्हणायचं?

मोठ्यांना बोललं तर "आम्ही बघतो काकी" म्हणून पुढं सरकायचं. खुलासा करायचा नाही, डॉक्टर कोण आहेत तेही सांगायचं नाही. उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतो.

लहान पोरीसमोर तिच्या रंगावर कुणी बोललं, तर मात्र तिथल्या तिथं आणि तिला ऐकू जाईल असं बोला. आत्या नंतर समजून घेतील. पोर त्या क्षणी आत्याकडं नाही, तुमच्या तोंडाकडं बघत असते.

वडील आधी असे नव्हते. अलीकडे फार टाकून बोलतात, शिव्याही देतात.

इथं आधी दवाखाना, मग राग. स्वभाव हळूहळू तिखट होणं वेगळं आणि सहा महिन्यांत माणूस बदलणं वेगळं. ऐकू कमी येत असेल तर आवाज चढतो, अर्धं वाक्य ऐकून गैरसमज होतो आणि संशय वाढतो. मधुमेह असेल तर साखर उतरल्यावर माणूस एकदम चिडतो, घाम येतो, हात कापतात. झोप न होणं, थायरॉइड, दुखणारे गुडघे हीसुद्धा कारणं असतात. पुरुषांत नैराश्य पुष्कळदा रडण्यातून न दिसता चिडचिडीतून दिसतं. पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला जिभेवरचा ताबा सुटतो. काही प्रकारांत तर विसरभोळेपणा नंतर येतो आणि बेलगाम बोलणं आधी.

घरच्या डॉक्टरांना "बाबा चिडतात" एवढंच सांगू नका. कधीपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी, कोणती नवी गोळी सुरू झाली, ते लिहून न्या. मनोविकारतज्ज्ञ म्हटलं की आपल्याकडं "धारवाडला न्यायचं" अशी भीती असते. इथून धारवाड ऐंशी किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, तिथं डिमहान्स ही मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, आणि तिकडं जाणारे सगळे काही वेडे नसतात. माझ्या ओळखीच्या एका घरात नुसतं कानाचं यंत्र आणलं आणि तीन वर्षांचं भांडण निवळलं.

नवरा मारत नाही, दारू पीत नाही. पण सारखं हिणवतो. मी मोठं करून सांगते आहे का?

नाही.

रागावणं आणि हिणवणं यात मोठं अंतर आहे. "भाजी खारट झालीय" ही तक्रार. "तुला एक काम धड येत नाही" ही टीका. डोळे फिरवून, नाक उडवून "जाऊ दे, हिला काय सांगायचं" हा तुच्छतेचा सूर. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांची बोलणी वर्षानुवर्षं अभ्यासली. लग्न मोडण्याची सर्वांत मोठी खूण म्हणून ते याच तुच्छतेकडं बोट दाखवतात, भांडणाकडं नव्हे. टिकलेल्या जोडप्यांत भांडणातसुद्धा एका कडू गोष्टीमागं पाचेक बऱ्या गोष्टी असतात, असंही त्यांना आढळलं. बरी गोष्ट म्हणजे फार काही नाही, मान डोलावणं, "बरोबर आहे तुझं" म्हणणं, मध्येच हसणं. आमच्याकडं नवरेमंडळी चहाचा कप पुढं करतात आणि तीच माफी असं धरून चालतात. चहा घ्यावा, पण "काल जे बोललात त्याचं काय?" हेही विचारावं.

कुठवर सहन करायचं? नुसत्या बोलण्यावर कायद्यात काही आहे काय?

आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ यात शाब्दिक आणि भावनिक छळ हीसुद्धा हिंसाच मानली आहे. अपमान, टिंगल, नावं ठेवणं, आणि मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून केलेली हेटाळणी, हे त्यात शब्दांत लिहिलेलं आहे. तो फक्त बायकोसाठी नाही. त्याच घरात राहणारी बहीण, आई, विधवा वहिनी यांनाही लागू आहे. तक्रार संरक्षण अधिकाऱ्यांकडं करता येते; महिला व बालविकास खात्याच्या कार्यालयात चौकशी करा. बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून. त्यांचा फोन १५१००. अर्ज कानडीत लिहावा लागेल म्हणून अडून बसू नका. वकील लिहितो, तुम्ही सांगायचं.

प्रत्येक टोमण्याला कायदा काढा असं मी म्हणत नाही. पण बोलण्याबरोबर धमकी असेल, पैसे रोखले जात असतील, माहेरचा फोन बंद केला असेल, पोरांना हत्यार केलं जात असेल, किंवा त्याच्या पावलांच्या आवाजाने तुमच्या पोटात गोळा येत असेल, तर वर लिहिलेल्या छोट्या वाक्यांचा उपयोग नाही. तिथं उलट बोलून धोका वाढू शकतो. महिलांसाठी १८१, तातडीच्या वेळी ११२. वृद्धांना घरात असं वागवलं जात असेल तर १४५६७, मुलांसाठी १०९८.

डोक्यात तेच घोळत राहतं. झोप लागत नाही.

एक वही घ्या आणि नेमकं वाक्य लिहा, जसंच्या तसं. आपण जे घोळवत असतो ते बहुधा मूळ वाक्य नसतं, आपण त्याला लावलेलं शेपूट असतं. "उशिरा आलीस" हे वाक्य, आणि "हिला घरची पर्वा नाही असंच सगळ्यांना वाटतं" हे शेपूट. दोन्ही वेगळं लिहिलं की जरा श्वास मोकळा होतो.

पंधरा दिवसांवर झोप गेली असेल, जेवण जात नसेल, जगावंसं वाटत नाही असं मनात आलं असेल, तर १४४१६ ला फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्रीही चालते, आणि मराठी किंवा कानडी, हवी ती भाषा निवडता येते. रडायला आपलीच भाषा लागते.

मीच बोलून गेले असेन तर?

हा प्रश्न मला फार कमी जण विचारतात. मी मात्र स्वतःला विचारलेला आहे.

धाकट्या बहिणीला दुसरी मुलगी झाली. निपाणीला बारशाला गेले, पाळण्यात वाकून बघितलं आणि तोंडातून गेलं, "पुन्हा मुलगीच?" मी शिक्षिका. मुली शिकाव्यात म्हणून गावोगाव पायपीट केलेली. खोली भरलेली होती. कुणी काही बोललं नाही, बहिणीने फक्त दुपटं नीट केलं. परत येताना बसमध्ये मी स्वतःलाच समजावत होते, मला तसं म्हणायचं नव्हतं, तिने समजून घ्यायला हवं. तीन वर्षं ती माझ्याशी कामापुरतं बोलली आणि मी तिलाच दोष देत होते. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असंही एकदा फोनवर म्हणून झालं. त्या "असेल तर"मुळे सगळी माफी फुकट जाते हे तेव्हा कळत नव्हतं. "गुंता सोडू, झालं गेलं" हेही चालत नाही. जे वाक्य बोललो ते आपल्याच तोंडाने पुन्हा म्हणावं लागतं, आणि तेच सगळ्यात जड असतं.

आपल्याकडं यासाठी दोन दिवस ठेवलेले आहेत, आणि दोन्ही भाषांनी ठेवलेले आहेत. संक्रांतीला आपण "गोड बोला" म्हणतो, शेजारचे कानडी लोक "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि", म्हणजे तीळगूळ खाऊन चांगलं बोला. दसऱ्याला आपण सोनं देतो, ते "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण" म्हणतात, म्हणजे पानं घेऊन सोन्यासारखं राहूया. त्या दिवशी न बोलणाऱ्याच्या घरी गेलं तरी "का आलीस" असं कुणी विचारत नाही.

त्या वर्षी दसऱ्याला मी निपाणीची बस धरली. आपट्याची पानं रुमालात बांधलेली, पर्समध्ये कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, पुडा. परतीचा पाऊस भरून आला होता. दार त्या मुलीनेच उघडलं, तीन वर्षांची, कपाळाला भलं मोठं कुंकू. मी खाली बसून आधी तिच्या हातात पानं दिली. मग बहीण बाहेर आली. मी म्हणाले, "बारशाला मी 'पुन्हा मुलगीच' म्हणाले. ते वाईट बोलले मी. सगळ्यांदेखत बोलले." पुढचं पाठ केलेलं आठवेना.

ती काही म्हणाली नाही. माझ्या पायाकडं बघत होती.

"चपला आत घे," ती म्हणाली, "पाऊस येतोय."